दुसऱ्याच्या ओंजळीनं

मंडळी, यंदा संपादकांनी मला पाडव्याच्या कार्यक्रमात, ऐन श्रीखंडाच्या रांगेत गाठलं. "तू कॉम्प्युटरवाला, इंटरनेटवर काहीतरी लिही. सोपं लिही, आणि राजकारण नको." वाटी हातात असताना माणूस कशालाही हो म्हणतो. पहिल्या दोन अटी पाळायचा प्रयत्न केला आहे. तिसरी जमलेली नाही, हे आधीच कबूल करतो.

माझ्या प्रोजेक्टवर युक्रेनमधल्या खारकीवची एक बाई आहे. टेस्टिंग करते आणि बोलायला फटकळ आहे. खारकीवपासून रशियाची हद्द जेमतेम तीस-चाळीस किलोमीटरवर, म्हणजे आपण मिसिसागाहून बर्लिंग्टनला जावं तेवढीच. मार्च २०२२ मध्ये आरटी, म्हणजे रशियन सरकारच्या पैशावर चालणारी वृत्तवाहिनी, कॅनडात बंद झाली. केबल कंपन्यांनी ती आधीच काढून टाकली होती आणि १६ मार्चला सीआरटीसीनं अधिकृत यादीतूनही तिचं नाव खोडलं. दुपारी डबा खाताना मी मोठ्या समाधानानं म्हणालो, "बरं झालं, रशियाचं तोंड एकदाचं बंद केलं." ती हसली. म्हणाली, "आमच्या घरात रशिया टीव्हीतून आला नव्हता. आईच्या ई-मेलमधून आला."

त्या वाक्यानं मला नंतर बरेच दिवस सोडलं नाही.

तिची आई शाळेत गणित शिकवायची. आईचा ई-मेल मेल डॉट आरयूवर. जुने विद्यार्थी आणि मैत्रिणी 'ओद्नोक्लास्निकी'वर. या शब्दाचा अर्थच वर्गमित्र. भाचे-पुतणे 'व्हीकोंताक्ते'वर, म्हणजे व्हीकेवर. काही शोधायचं तर यांडेक्स. वडिलांचा छोटा कारखाना होता, त्याचे हिशेब 'वन-सी' नावाच्या सॉफ्टवेअरवर. आपल्याकडे दुकानदाराला टॅली तसं तिकडे हे. या सगळ्या रशियन कंपन्या. पण घरातल्या कोणीही रशियावरच्या प्रेमापोटी त्या निवडल्या नव्हत्या. बहुतेक फुकट होत्या, चांगल्या होत्या आणि ओळखीचे सगळे तिथेच होते.

'चांगल्या होत्या' हे मी धंद्याचा माणूस म्हणून सांगतो. रशियन भाषेत मराठीसारखेच शब्दाला प्रत्यय लागतात. आपण 'घर' शोधलं तर 'घरात', 'घरी', 'घराला' हेही सापडायला हवं. ते सुरुवातीपासून यांडेक्सला जमत होतं. म्हणजे माल खरोखर उत्तम होता. प्रभाव पाडायचा असेल तर असाच पाडावा लागतो. वाईट मालातून फक्त प्रचार होतो, आणि प्रचार लोकांना ओळखू येतो.

मग यात बिघडलं कुठे? दोन गोष्टी सांगतो.

पहिली व्हीकेची. ही साइट पावेल दुरोव या तरुणानं २००६ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये सुरू केली. २०१३ च्या अखेरीस कीवच्या मैदानात आंदोलन पेटलं तेव्हा त्याची आखणी ज्या ग्रुपांवर चालली होती त्यातले काही व्हीकेवर होते. रशियाच्या गुप्तहेर खात्यानं त्या ग्रुपांच्या चालकांची माहिती मागितली आणि आपण ती दिली नाही, असं दुरोवनं एप्रिल २०१४ मध्ये जाहीर केलं. त्याच महिन्यात त्याचं पद गेलं आणि तो देश सोडून गेला. कंपनी आधी मेल डॉट आरयूकडे पूर्णपणे गेली आणि २०२१ च्या अखेरीस सरकारी गॅस कंपनीच्या गोतावळ्यात जाऊन पडली. खारकीवच्या आजींच्या पानावर यातलं काहीही दिसलं नाही. तोच निळा रंग, तेच फोटो, तीच वाढदिवसाची आठवण. फक्त घरमालक बदलला होता, आणि भाडेकरूला ते कोणी कळवत नाही.

दुसरी यांडेक्सची, आणि ती मला जास्त शिकवून गेली. यांडेक्सच्या पहिल्या पानावर पाच ठळक बातम्या असत. त्या संपादक निवडत नाही, संगणक निवडतो, असं कंपनी सांगे, आणि तांत्रिकदृष्ट्या ते खोटं नव्हतं. मग रशियानं एक कायदा केला, तो १ जानेवारी २०१७ पासून लागू झाला. ज्या संकलकाकडे दिवसाला दहा लाखांवर लोक येतात, त्यानं दाखवलेल्या बातमीची जबाबदारी त्याच्यावर. मात्र बातमी सरकारदरबारी नोंदलेल्या माध्यमाची असेल तर त्याची सुटका. झालं! अल्गोरिदमला कोणी हातही लावला नाही. विहिरीत कोणतं पाणी सोडायचं ते ठरवलं की पंप बिचारा प्रामाणिकपणे तेच उपसतो. मार्च २०२२ मध्ये त्याच बातमी विभागाचे माजी प्रमुख लेव गेर्शेनझोन यांनी जुन्या सहकाऱ्यांना उघडपणे सुनावलं, की तुमच्या पहिल्या पानामुळे कोट्यवधी रशियनांना युद्ध चालू असल्याचं कळतच नाही. त्याच वर्षी यांडेक्सनं तो विभाग व्हीकेला विकून टाकला. आम्ही सॉफ्टवेअरवाले "सिस्टीम करते, आम्ही काय करणार" हे वाक्य रोज वापरतो. हे प्रकरण वाचल्यापासून ते वाक्य माझ्या तोंडातून पूर्वीइतकं सहज निघत नाही.

युक्रेननं मे २०१७ मध्ये हा दोर कापला. राष्ट्राध्यक्ष पोरोशेन्को यांनी एका हुकुमान्वये व्हीके, ओद्नोक्लास्निकी, मेल डॉट आरयू, यांडेक्स, अगदी वन-सीसुद्धा बंद केलं. देशातल्या सर्वांत जास्त पाहिल्या जाणाऱ्या पहिल्या दहा साइट्समधल्या काही एका फटक्यात गेल्या. ह्यूमन राइट्स वॉचनं कडक टीका केली. पुढे २०२० मध्ये झेलेन्स्की यांनीही ही बंदी वाढवली.

ही बंदी योग्य होती का? क्रिमिया गेलेला, पूर्वेला रोज माणसं मरताहेत, अशा देशाला मी टोरोंटोत बसून शहाणपण शिकवणार नाही. शिवाय तिचा परिणामही झाला. व्हीपीएन वापरून बंदी चुकवणं अवघड नव्हतं. माझ्या सहकारिणीनं आईला ते लावूनही दिलं होतं. दोन महिन्यांत आई कंटाळल्या. कोपनहेगन विद्यापीठातल्या एका अभ्यासकानं नंतर आकडे तपासले, तेव्हा रशियाच्या बाजूला झुकलेल्या लोकांचासुद्धा व्हीकेवरचा वावर घटलेला दिसला. माणूस विचारांनी चिकटलेला असतो त्यापेक्षा सवयीनं जास्त, आणि सवय थोडी गैरसोयीची केली की सुटते.

पण किंमत कोणी दिली तेही पाहा. आजींचे तीस वर्षांतल्या विद्यार्थ्यांचे फोटो ओद्नोक्लास्निकीवर होते. सख्खी बहीण सीमेपलीकडे बेल्गोरोदला, तिच्याशी रोजचं बोलणंही तिथेच. कंपनीचं नुकसान झालं असेल, पण आल्बम गेला तो आजींचा. आपल्याकडे २९ जून २०२० ला भारत सरकारनं टिकटॉकसह ५९ चिनी अॅप्स बंद केली तेव्हा अगदी हेच झालं. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत अनेक मुलंमुली, गृहिणी, शेतकरी टिकटॉकमुळे लोकांना माहीत झाले होते. संध्याकाळी होते, सकाळी नव्हते. गलवानच्या खोऱ्यात जवान मारले गेल्यानंतरचा निर्णय, त्याबद्दल मी बोलत नाही. मी बोलतोय त्या मुलांबद्दल, ज्यांनी सगळी मेहनत दुसऱ्याच्या अंगणात रचून ठेवली होती.

आणि युक्रेनचे लोक व्हीकेवरून उठून गेले कुठे? बहुतेक फेसबुकवर. म्हणजे एका ओंजळीतून दुसऱ्या ओंजळीत.

आता आपल्या कॅनडाकडे येतो. उत्तर ध्रुवाकडून पाहिलं तर रशिया आपलाही शेजारी आहे, आणि या देशात युक्रेनियन वंशाचे बारा लाखांहून जास्त लोक आहेत. त्यामुळे आरटी बंद झाली तेव्हा टाळ्या पडल्या. पण आरटी बघत कोण होतं? माझ्या ओळखीत तरी एकही माणूस नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये खरी गंमत बाहेर आली. अमेरिकेच्या न्याय खात्यानं आरटीच्या दोन कर्मचाऱ्यांवर आरोपपत्र दाखल केलं. आरोप असा, की जवळजवळ एक कोटी डॉलर टेनेसीतल्या एका कंपनीत गुपचूप वळवले गेले आणि तिच्यामार्फत इंग्रजी व्हिडिओ निघत राहिले. वर्तमानपत्रांनी ती कंपनी लगेच ओळखली: टेनेट मीडिया. ती काढणारं जोडपं मूळचं कॅनडाचं. तिथल्या नामवंत वक्त्यांनी, पैसा कुठून येतो याची आम्हाला कल्पनाच नव्हती, असं सांगितलं. ते खरं मानलं तर गोष्ट आणखीच वाईट होते. पुढच्या दाराला कुलूप घातल्यावर मागच्या दारानं येणारा माणूस पाहुण्यासारखा दिसत नाही, तो घरच्यासारखाच दिसतो.

तरीसुद्धा कॅनडाचा रोजचा शेजारी रशिया नाही, अमेरिका आहे. इथे तुलना फार ताणू नये. अमेरिकेनं खारकीवसारखं काही केलेलं नाही, आणि माझी एमएस बफेलोला झाली, पहिली नोकरी तिकडचीच, तेव्हा खाल्ल्या मिठाला जागायला हवं. पण नायगाऱ्याच्या दोन्ही काठांवर राहिल्यामुळे एक कळलं. त्या काठावरून कॅनडा दिसतच नाही. या काठावरून अमेरिका सोडून दुसरं काही दिसत नाही. पिअर ट्रूडो १९६९ साली वॉशिंग्टनमध्ये म्हणाले होते, की तुमच्या शेजारी राहणं म्हणजे हत्तीशेजारी झोपणं. हत्ती कितीही सज्जन असला तरी त्यानं कूस बदलली की इकडे झोपमोड होते.

त्या काळी कॅनडाला हे चांगलं समजत होतं. १९७१ पासून रेडिओवर तीस टक्के संगीत कॅनडाचं हवं असा नियम आला. १९७६ साली कायदा झाला, की कॅनडाच्या धंदेवाल्यानं इथल्या गिऱ्हाइकासाठी 'टाइम'सारख्या परक्या नियतकालिकात किंवा सीमेपलीकडच्या टीव्हीवर जाहिरात दिली, तर तो खर्च करातून वजा होणार नाही. छान कायदा होता. सरकार कोणाचं तोंड दाबत नव्हतं, फक्त आपला पैसा आपल्या घरात राहावा एवढंच पाहत होतं. पण इंटरनेट आलं तेव्हा ही अट तिकडे वाढवली गेली नाही. जाहिरातींचा पैसा वर्तमानपत्रांतून उठून गूगल-फेसबुककडे गेला आणि ओटावा बघत बसलं. हे मला सगळ्यांत मोठं अपयश वाटतं, आणि त्याची चर्चा सगळ्यांत कमी झाली.

मग वीस-बावीस वर्षांनी जाग आली. २२ जून २०२३ ला बिल सी-१८, म्हणजे ऑनलाइन न्यूज अॅक्ट, मंजूर झालं. बातम्यांच्या लिंक दाखवता ना, मग वृत्तपत्रांना पैसे द्या, असा त्याचा मथितार्थ. गूगलनं वर्षाला दहा कोटी डॉलर देण्याचं कबूल केलं. फेसबुकच्या मालकांनी साधा हिशेब केला. पैसे बातम्यांचे मागता ना, मग बातम्याच नकोत. ऑगस्ट २०२३ पासून कॅनडात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरून बातम्या काढून टाकल्या गेल्या. ऑगस्टच्या मध्यावर वणव्यामुळे यलोनाइफ हे सुमारे वीस हजार वस्तीचं अख्खं शहर रिकामं करायची वेळ आली. कोणता रस्ता चालू, विमानं कुठून, हे लोक एकमेकांना फेसबुकवर कळवू पाहत होते, आणि स्थानिक बातमीची लिंक काही टाकता येत नव्हती. मॅकगिल आणि टोरोंटो विद्यापीठांच्या अभ्यासकांनी वर्षभरानं हिशेब मांडला: कॅनडाच्या वृत्तमाध्यमांना या दोन ठिकाणी मिळणारा प्रतिसाद ८५ टक्क्यांनी घटला होता. आणि बातम्या बंद आहेत हे फक्त २२ टक्के लोकांना ठाऊक होतं. हा दुसरा आकडा मी पुन्हा वाचला. पाचातल्या चौघांना कळलंसुद्धा नाही!

आपल्यापैकी किती जणांना कळलं? कारण ही बंदी फक्त कॅनडाच्या वृत्तपत्रांपुरती नव्हती, जगातल्या सगळ्याच वृत्तसंस्थांना होती. 'लोकसत्ता', 'महाराष्ट्र टाइम्स', 'सकाळ' यांची पानं भारतात दिसत राहिली, कॅनडातून दिसेनाशी झाली. लिंक गेली तेव्हा तिची जागा कात्रणानं घेतली. आपल्या ग्रुपवर येणारे फोटो बघा. मथळा असतो, पेपरचं नाव कापलेलं, तारीख नाही. मागच्या पावसाळ्यात पुराचा असाच एक फोटो फिरला. सांगलीचे आईवडील फोन उचलत नाहीत म्हणून एका ताईंची रात्रभर झोप उडाली. फोटो २०१९ च्या महापुरातला निघाला, आणि आईवडील लग्नाला गेले होते.

जून २०२५ मध्ये तर पुढचा अंक झाला. मोठ्या डिजिटल कंपन्यांवर कॅनडानं तीन टक्के कर बसवला होता. पहिला हप्ता ३० जूनला यायचा होता. २७ तारखेला ट्रम्पसाहेबांनी व्यापाराची बोलणी तोडली आणि २९ च्या रात्री कॅनडानं कर मागे घेतला. हत्तीनं कूससुद्धा बदलली नाही, नुसता कान हलवला. (संपादक, तिसरी अट इथे मोडली.)

सरकारवर टीका करणं सोपं आहे. आपल्याच मंडळाचं बघू या. ही स्मरणिका कोणाच्या पैशावर निघते? घरांचे एजंट, मिठाईवाले, विमा, इमिग्रेशनचे वकील. पान चाळून पुढे जाऊ नका, त्या जाहिरातींच्या जिवावर हे मराठी छापलं जातं. यंदा जाहिराती गोळा करणाऱ्या काकांना दोघा-तिघांनी सांगितलं, "तेवढ्याच पैशात फेसबुकवर पाच हजार लोकांना दिसतं." खरं आहे, दिसतं. १९७६ चं कॅनडा जे ओळखून होतं ते काकांना आता घरोघर जाऊन समजावावं लागतंय. आणि २००० च्या दशकात मंडळाची स्वतःची साधी वेबसाइट होती, सभासदांची यादी होती, ती या स्मरणिकेच्या शेवटी छापून यायची. आता वेबसाइटची मुदत कोणी वाढवत नाही, यादी व्हॉट्सअॅपमध्ये आणि कार्यक्रमांचे फोटो फेसबुकवर. पहिल्या काही वर्षांच्या गणेशोत्सवांचे फोटो आम्ही एका मोफत सेवेवर ठेवले होते. ती सेवा बंद झाली. महिनाभर आधी सूचना आली होती म्हणे, ज्यांच्या पत्त्यावर आली ते तोवर कॅल्गरीला राहायला गेले होते. दोष त्या कंपनीचा नाही. फुकट दिलेल्या ओसरीवर आपणच तिजोरी मांडली होती.

देशी पर्याय हवा, असंही कोणी म्हणतं. ट्विटरला उत्तर म्हणून निघालेलं भारतीय 'कू' मराठीतही चालायचं. जुलै २०२४ मध्ये ते बंद पडलं. मालक कोणत्या देशाचा, हा प्रश्न मोठाच आहे. पण वस्तू आपल्या घरात आहे की त्याच्या, हा प्रश्न मला त्याच्याही आधीचा वाटतो.

कारण रशियाचा प्रभाव आमच्या घरातही होता. लहानपणी 'सोव्हिएत देश'च्या गुळगुळीत पानांची कव्हरं आम्ही वह्यांना घालत असू. वडील लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनातून रशियन पुस्तकांची मराठी भाषांतरं आणायचे, अगदी चार-दोन रुपयांत. अनिल हवालदारांनी भाषांतर केलेल्या 'देनिसच्या गोष्टी' मी किती वेळा वाचल्या याला गणती नाही. तोही प्रभावच होता, परक्या सरकारच्या पैशानं स्वस्त केलेला, आणि मालही उत्तम. पण १९९१ साली सोव्हिएत संघ संपला तेव्हा कपाटातून देनिस उठून गेला नाही. मी कोणतं पान दोनदा वाचतो हे मॉस्कोला कधी कळलं नाही. ते पुस्तक आज मिसिसागात माझ्या मुलीच्या खोलीत आहे. ती मराठी हळूहळू वाचते, पण वाचते.

सहकारिणीला हे सांगितलं तेव्हा ती जरा गप्प झाली. तिची आई २०२२ मध्ये, युद्धामुळे इथे आलेल्या लाखो लोकांबरोबर, कॅनडात आली. एकच बॅग होती. त्यात औषधं, कागदपत्रं आणि एक चौकडीची वही, शाळेतली. २०१७ च्या बंदीनंतर आजींनी जमेल तेवढ्या विद्यार्थ्यांचे फोन नंबर हातानं त्यात लिहून काढले होते. त्यातले बरेच नंबर आता लागत नाहीत. आजी रोज दोन-तीन लावून बघतात.

तर मंडळी, २००१ ते २००९ मधल्या कार्यक्रमांच्या सीडी, छापील फोटो किंवा जुन्या स्मरणिका कोणाच्या तळघरात असतील तर गणपतीला येताना घेऊन या. प्रवेशद्वाराशी उजवीकडे, नावनोंदणीच्या टेबलाशेजारी मी स्कॅनर घेऊन बसणार आहे. मूळ वस्तू तिथल्या तिथे परत मिळेल, आणि एक प्रत मंडळाच्या कपाटात राहील. सभासदांची यादीही पुन्हा छापायचा विचार आहे. तुमचा फोन नंबर स्वतःच्या हातानं, वाचता येईल अशा अक्षरात लिहा. डॉक्टरमंडळींनी दुसऱ्याकडून लिहून घ्यावा.